उपरण्याखालचा हात

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी अकोला स्टेशनवर नागपूरकडे जाणाऱ्या गाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून पोलिसांनी एका माणसाला उतरवून घेतलं. त्याच्याजवळ एक वळकटी आणि औषधांच्या बाटल्यांची पेटी होती. नाव त्यानं शंकर नाबर सांगितलं. धंदा, मुंबईच्या एका औषध कंपनीची फिरती विक्री. पोलिसांचं म्हणणं होतं की तो वलगावच्या उत्तमरावांचा मुलगा गोवर्धन आहे आणि दुसऱ्याच्या नावावर विलायतेहून परत आला आहे. १९३२ सालचा फेब्रुवारी होता. वटहुकूम लागू झाल्याला महिना उलटला होता आणि माणूस आत घालायला खटला चालवावा लागत नव्हता.

वलगावात हे कळलं ते दिवेलागणीला. शिपाई पुंजाराम सायकल हातात धरून अंगणात आला, तेव्हा उत्तमराव अमरावतीच्या कापूस बाजारातून नुकतेच परतून पाय धूत होते.

"उद्या सकाळच्या गाडीनं अकोल्याले चला," पुंजाराम म्हणाला. "एक मानूस पाहाचा हाये."

"कोन मानूस?"

"थेच तं तुमाले इचारून राहिले."

पुंजाराम दिलेलं पाणी प्यायला, त्यानं गडवा खाली ठेवला आणि कुणाच्या डोळ्यांकडे न पाहता म्हणाला, "स्टेशनावर भेटा, काका. नाई आले तं मले हातकडी घिऊन या लागते. बरं नाई दिसत."

सायकल वळणाआड गेली तरी उत्तमराव ओल्या पायांनी तसेच उभे होते. माणिकबाई दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

गोवर्धनला जाऊन सहा वर्षं झाली होती. नागपूरच्या शेतकी कॉलेजातून तो चांगला पास झाला. माणिकबाईंचे भाऊ वरूडचे, संत्र्याच्या बागांचे धनी. त्यांनी भाच्याचा खर्च उचलला आणि त्याला आयर्लंडला पाठवला. तिथले शेतकरी एकत्र येऊन दुधाचा धंदा कसा चालवतात ते शिकून यायचं आणि वलगावात कापसाचं तसं काही उभं करायचं, एवढंच ठरलं होतं. पत्रं यायची. ती भगवंत मास्तर ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि ऐकायला अर्धी आळी जमायची.

"लिव्हरपूलला जाऊन आलो," असं एकदा त्यानं लिहिलं होतं. "आपल्या कापसाचा भाव जिथं ठरतो ती जागा पाहिली. टेबलावर आपल्या कापसाचा नमुना होता. त्याला ते ऊमरा म्हणतात, म्हणजे उमरावती, आपली अमरावती. मी विचारलं, हे गाव कुठं आहे? तिथल्या चौघांपैकी एकानं इजिप्त सांगितलं." लोक पोट धरून हसले होते. दुसऱ्या पत्राला कुणी हसलं नाही. त्यात त्यानं आयर्लंडातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं लिहिलं होतं: जमीनदाराच्या कारभाऱ्यानं कुळांना घराबाहेर काढलं, तेव्हा गावानं दगड उचलला नाही. लोहारानं त्याच्या घोड्याला नाल मारली नाही, पाववाल्यानं पाव दिला नाही, त्याचं उभं पीक कापायला एक माणूस गेला नाही. "यात कुणी एकटा शूर नव्हता," गोवर्धननं लिहिलं होतं. "सगळ्यांनी मिळून थोडं थोडं भ्यायचं सोडलं."

आणि तिसरं पत्र होतं ते उत्तमरावांवर.

उत्तमराव स्वतः काळ्या जमिनीचे मालक. पण वीसपंचवीस वर्षांपासून गावाचा कापूस अमरावतीच्या बाजारात तेच विकून देत. नियमात काहीही लिहिलेलं असो, मोठा सौदा व्हायचा तो कपड्याखाली. व्यापारी हात पुढे करी, उत्तमराव खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकत, आणि खाली बोटं बोलू लागत. कोणतं बोट धरलं, किती धरली, त्यावर भाव. वर दोघेही पावसापाण्याच्या गप्पा मारत. ज्याचा कापूस तो शेतकरी गाडीशी उभा राहून दोघांची तोंडं पाहत राही. शेवटी त्याला भाव सांगितला जाई. गोवर्धन लहानपणी बापाबरोबर गाडीत बसून जायचा. बोटांचा हिशेब त्याला बाराखडीच्या आधी आला होता. घरी आंब्यांच्या राशीपुढं बसून बापलेक उपरण्याखाली सौदे करायचे आणि माणिकबाई म्हणायच्या, "या घरात कोनी तोंडानं बोलन काय?"

त्या तिसऱ्या पत्रात होतं: "इथं दूध मापताना सगळे पाहत असतात आणि भाव मोठ्यानं सांगतात. बाबा, आपण उपरण्याखाली जे करतो ते कुणापासून लपवतो? ज्याचा माल आहे त्याच्यापासूनच ना?"

मास्तरांनी पत्र खाली ठेवलं तेव्हा ओसरीवर कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. "आयर्लंडात गाई पाहून मले बाजार शिकवून राहिला पोट्टा," उत्तमराव म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले. त्या पत्राला उत्तर गेलं नाही.

मग डब्लिनच्या एका सभेत गोवर्धन बोलला. वऱ्हाडच्या शेतकऱ्यांनी एक हंगाम तरी एकेकट्यानं माल विकू नये आणि शेतसारा थांबवावा, असं तो म्हणाला. ते छापून आलं. पुढच्याच महिन्यात अमरावतीहून पोलीस आले, घर उलटंपालटं केलं आणि सगळी पत्रं बांधून घेऊन गेले. त्यानंतर पत्र आलं नाही. आला तो पुंजाराम.

"थो असला तरी नाई म्हना," माणिकबाई म्हणाल्या.

"आन नसला तं?"

"नसला तं नाईच म्हनाचं हाये नं." त्या थांबल्या. "पन पाहून या नीट. वाळला असन तं मले सांगा."

उत्तमराव जेवले नाहीत. झोपही आली नाही. गावातले दुसरे लोकही ओळख पटवायला नेता आले असते; पोलिसांनी बापालाच बोलावलं होतं. खोटं बोलल्याचं उघड झालं तर मुलगा जाणार होता तो जाणारच, वर बापही. पण त्यांना एका गोष्टीचा भरवसा होता. इतकी वर्षं हजारो सौदे केले, खाली बोटांनी काय चाललंय ते कधी कुणाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नव्हतं. बाजारात त्यांच्या तोंडाला लोक भिंत म्हणायचे. हीच भिंत उद्या धरायची, एवढंच, असं ते स्वतःला सांगत राहिले.

बडनेऱ्याला गाडी बदलून ते आणि पुंजाराम गुरुवारी अकोल्याला पोचले. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जागा केली होती. बाहेर दाबलेल्या कापसाच्या गाठी छताला टेकल्या होत्या. आत खिडकीपाशी एक तरुण गोरा साहेब सर्दीनं लाल झालेलं नाक पुशीत बसला होता, आणि टेबलाच्या कडेला इन्स्पेक्टर खुशालराव. जाडजूड, कानाशी केस पांढरे, बोलणं अगदी घरच्यासारखं.

"या, उत्तमराव. बसा नं. चहा सांगू? भेव नका. मी काही परका नोहो, इथलाच हावो, जुन्या शहरातला. माहा बाप बाळापूरच्या रस्त्यानं कापसाची गाडी घिऊन याच बाजारात यायचा. मी गाडीवर बसून राहो."

उत्तमरावांनी मान हलवली. चहा नको म्हणाले.

माणसाला आत आणलं. मिशी नव्हती. चष्मा होता, गालफडं बसली होती, मुंबईच्या पद्धतीचा कोट आणि धोतर. क्षणभर उत्तमरावांना खरंच वाटलं की हा कुणी दुसराच आहे. मग तो माणूस दारातून आत येताना मान वाकवून आला. पार्सल ऑफिसचं दार चांगलं उंच होतं. वलगावच्या घराचं दार ठेंगणं होतं. त्या घरात वाढलेला उंच माणूस जगातल्या कुठल्याही दारात मान वाकवतो.

उत्तमरावांनी खुशालरावांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांनीही ते पाहिलं का, हे कळलं असतं, आणि ते कळून घ्यायची त्यांना छाती झाली नाही.

"ये तुम्हारा लड़का है?" साहेबानं विचारलं.

"नाही साहेब."

"नीट पाहा," खुशालराव म्हणाले. "घाई नाई."

उत्तमरावांनी पाहिलं. पाहायचंच होतं. कपाळावर घामाची बारीक रेघ, कानशिलाशी एक पांढरा केस. सव्वीस वर्षांचा पोरगा.

"अहो, मला आज नागपूर गाठायचं आहे," तो माणूस साहेबाला म्हणाला. आवाज स्वच्छ, शब्द मुंबईपुण्याचे, एकही वऱ्हाडी सूर नाही. "या गृहस्थांना मी जन्मात पाहिलेलं नाही. कंपनीला तार करा, ते सांगतील."

"केली नं तार. कंपनी म्हनते, नाबर नावाचा मानूस हाये आमचा. पन थो कसा दिसते, थे तारेत येत नाई." खुशालराव हसले. त्यांनी टेबलावरचा एक फोटो पुढं सरकवला. कॉलेजातल्या मुलांचा घोळका होता. त्यात गोवर्धनचं अर्धं तोंड पुढच्याच्या फेट्यामागं गेलेलं. "तुमच्यावाला पोट्टा बी असाच उंच होता म्हनते, उत्तमराव."

"उंच होता. असा वाळका नव्हता."

"सहा वर्सांत मानूस वाळते."

"मले काय मालूम. मी त्याले सहा वर्सांत पाह्यला नाई."

साहेब शिंकला. खुशालरावांनी पानाचा विडा तोंडात टाकला, सावकाश चघळला, आणि जणू आताच आठवलं असं म्हणाले, "आन माणिकबाई कशा हायेत आता? काल लय बिघडल्या म्हने. पुंजाराम सांगत होता, रात काढतात की नाई."

पुंजाराम दाराशी जमिनीकडे पाहत होता. तो माणूस चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होता. पुसणं थांबलं नाही, फक्त एकाच काचेवर बोट फिरत राहिलं.

"बरी हाये," उत्तमराव म्हणाले. "सकाळी भाकरी बांधून देली तिनं मले." ते जरा लवकरच बोलले. बाहेर आल्यावर ते त्यांच्या ध्यानात आलं.

चष्मा परत नाकावर गेला. साहेबानं घड्याळ पाहिलं, खुशालरावांना इंग्रजीत काही म्हणाला आणि उठला. त्याला जेवायला जायचं होतं.

"झालं तं," खुशालराव म्हणाले. "नाबर साहेब, तकलीफ देली तुमाले. उत्तमराव, तुमाले बी. मिळवा हात दोघं जन, साहेब लोकांवानी. मनात काही ठेवू नका."

त्या माणसानं हात पुढं केला. सरळ, इंग्रजी पद्धतीनं.

उत्तमरावांनी आपला हात दिला, आणि त्याच दमात त्यांच्या डाव्या हातानं खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर ओढलं. त्यांनी ते ठरवून केलं नाही. कित्येक वर्षांत पुढं आलेला परका हात त्यांनी उघड्यावर धरलाच नव्हता. कपडा पडला. खाली त्या माणसाचा हात वळला, तळवा वर झाला, अंगठा आत गेला आणि चार बोटं विकणाऱ्यानं द्यावी तशी पुढं आली. हात गार होता. भाव कसलाच नव्हता. बोटं नुसती धरलेली राहिली.

मग आपण काय केलं ते दोघांनाही एकदमच कळलं. उपरणं खांद्यावर परत गेलं. उत्तमरावांचं तोंड भिंतीसारखं होतं. खुशालराव तोंडाकडे पाहतच नव्हते. जिथं आता काही नव्हतं त्या जागेकडे, दोघांच्या मधल्या हवेकडे ते पाहत होते.

"चला," ते म्हणाले. "गाडीची वेळ होईन."

संध्याकाळी माणिकबाई अंगणात उभ्याच होत्या.

"पाह्यला?"

"पाह्यला. मुंबईचा औषधवाला होता एक."

त्या चुलीपाशी जाऊन बसल्या, लाकूड आत सारलं. "वाळला हाये?"

"लय वाळला हाये."

त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं उत्तमराव त्यांच्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "मी उपरनं टाकलं."

"कुठं?"

"हातावर. त्यानं बी हात तसाच देला."

माणिकबाईंना समजायला वेळ लागला नाही. त्या घरात त्यांनी आंब्यांचे ते सौदे कितीतरी पाहिले होते. "कोनं पाह्यलं?"

"थेच मालूम नाई."

शुक्रवारी उत्तमराव बाजारात गेले, कारण न जाणं लोकांच्या डोळ्यांवर आलं असतं. पहिल्याच गाडीपाशी व्यापाऱ्यानं सवयीनं हात पुढं केला. उत्तमरावांचा हात उठेना. उपरण्याला हात लावायची भीती वाटली, जणू बाजारातला प्रत्येक माणूस खुशालरावांचा होता. आणि त्यांनी भाव तोंडानं सांगितला, तोही मोठ्यानं.

"काहून ओरडता, उत्तमराव? मी काय बहिरा झालो?" व्यापारी म्हणाला. चार लोक हसले. गाडीवाला शेतकरी मात्र गाडीवरून खाली उतरून जवळ आला आणि म्हणाला, "पुन्हा सांगा बरं, मामा, मले नीट ऐकू आलं नाई." उत्तमरावांनी पुन्हा सांगितला.

त्याच दिवशी अकोल्याची बातमी बाजारात आली, ती पुंजारामच्या मेव्हण्याकडून. नाबर नावाच्या माणसाला गुरुवारीच पुढच्या गाडीत बसवून दिलं होतं. शेजारच्या डब्यात साध्या कपड्यातला एक शिपाई होता. बडनेऱ्याला नाबर तांब्या घेऊन पाणी भरायला उतरला. गाडी सुटली तेव्हा तो डब्यात नव्हता. वळकटी आणि पेटी नागपूरपर्यंत गेली. बाटल्यांत औषधच होतं. शनिवारपर्यंत त्याचा पत्ता लागलेला नव्हता.

शनिवारी वलगावच्या रस्त्यावर दोन अनोळखी माणसं दिवसभर चिंचेखाली बसून होती. ती पेरू विकत होती, पण कुणी भाव विचारला की एकमेकांकडे पाहत. माणिकबाईंनी मागचं दार आतून लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं. तो आला तर त्याला दार उघडं हवं होतं, आणि तो येऊ नये म्हणून बंदही हवं होतं.

रविवारी सकाळी खुशालराव आले. एकटे, छकड्यातून, अंगात साधी बंडी, डोक्याला रुमाल. ओसरीवर आपणच घोंगडी ओढून बसले.

"घर चांगलं हाये," ते म्हणाले. "दार जरा ठेंगनं हाये."

उत्तमराव समोर बसले. माणिकबाई दाराच्या आत, चौकटीला धरून.

"परका मानूस असता नं, उत्तमराव, तं हातावर कपडा पडल्याबरोबर दचकला असता. मुंबईचा असता तं हसला असता. थ्यानं अंगठा आत घेतला. माह्या बापानं मले शिकवलं होतं तसाच."

उत्तमरावांच्या जिभेवर प्रश्न आला होता: साहेबाला सांगितलं का? पण तो विचारणं म्हणजे कबूल करणं होतं. "मले काय मालूम," ते म्हणाले.

"साहेब दौऱ्यावर हाये. मंगळवारी येते. अजून मी कोनाले सांगतलं नाई." खुशालरावांनी आवाज खाली आणला. "आन बडनेऱ्याले उतरलेला मानूस कुठं हाये, थे मले मालूम नाई, असं समजू नका."

खोटंही असेल. पार्सल ऑफिसात माणिकबाईंच्या आजाराचं जसं खोटं होतं तसं. त्याला खरंच ठाऊक असतं तर पेरूवाले चिंचेखाली कशाला बसले असते? की ठाऊक होतं म्हणूनच बसले होते? उत्तमरावांनी खुशालरावांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथंही भिंत होती.

खुशालरावांनी डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, आणि उजवा हात घोंगडीवर पुढं केला. मग तो रुमाल त्यांनी आपल्याच हातावर पसरला.

"बोला," ते म्हणाले.

हात त्या कपड्याखाली घातला की तो औषधवाला आपला मुलगा होता हे कबूल झालं. मग समोरचा गप्प राहण्याचा सौदा करायला आला आहे की सापळा लावायला, ते नंतर कळणार. हात नाही घातला तर मंगळवार होता.

आत माणिकबाईंच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. रविवारी सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास रुमाल खुशालरावांच्या मनगटावर होता, आणि उत्तमरावांचे दोन्ही हात अजून मांडीवर होते.